पाळलेला उंदीर शिंकतोय आणि त्यात नवीन उंदीर आणलाय: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

सांगलीत उंदीर पाळणारा मी एकटाच असेन असं आधी वाटायचं. आता रोज फोनवर एक तरी पाच सेकंदाचा व्हिडिओ येतो, त्यात एक उंदीर शिंकतो आणि खाली लिहिलेलं असतं, "दादा हे नॉर्मल आहे का?" दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे "नवीन आणलाय, जुन्याच्या पिंजऱ्यात सोडू का?" आणि बऱ्याचदा दोन्ही प्रश्न एकाच माणसाचे, एकाच आठवड्यात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. माझ्याकडे आत्ता तीन नर आहेत, भडंग, गुळ्या आणि सगळ्यात नवा ढब्बू. मी डॉक्टर नाही, जिथे डॉक्टरच लागतो तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

१. उंदीर शिंकालाय, म्हणजे सर्दी झाली का?

झाली असेल, नसेलही. दिवसातून चारदोन शिंका निरोगी उंदीरपण देतो, नाकात धूळ गेली, अंग चाटताना केस गेला, नवीन वास आला की शिंक. पण पाळीव उंदरांची एक गोष्ट माहिती पाहिजे, जवळपास सगळ्यांच्या अंगात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो, आईकडूनच पिल्लात येतो आणि जन्मभर राहतो. एरवी गप्प पडून असतो आणि ताण, थंडी, धूळ, मुताचा वास असं काही झालं की डोकं वर काढतो. औषधाने तो दबतो, पूर्ण जात नाही. त्यामुळे "कायमची शिंक बंद करायला काय देऊ" याला उत्तर नाही, "ही शिंक छातीत उतरलीय का" एवढंच बघायचं, आणि ते पुढच्या प्रश्नात.

२. मग घाबरायचं कधी? शिंका मोजू का?

शिंका मोजू नका, आवाज ऐका. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, उंदराला हातात घ्या आणि फोन लावतो तसा कानाला लावा, त्याची बरगडी तुमच्या कानाला टेकली पाहिजे. तो मिशांनी गुदगुल्या करणार, कान हुंगणार, जरा दम धरा. निरोगी उंदराचं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, छातीची भराभर धडधड तेवढी. घरघर, कटकट, ओला कागद चुरगाळल्यासारखा आवाज आला तर त्या आठवड्यात डॉक्टर. गुळ्या एकदा चक्क कबुतरासारखा घुमायला लागला होता, आम्ही सगळे खिडकीत कबुतर शोधत बसलो आणि हा पिंजऱ्यात मान ताणून बसलेला. तसा आवाज नाक चोंदल्यावर येतो, एखाद्या वेळेस येऊन बंद झाला तर लक्ष ठेवायचं, सारखा आला तर दाखवायचं.

आणि आता जे लिहितोय त्यात सकाळपर्यंत थांबायचं नाही. तोंड उघडून श्वास घेणं (उंदीर नाकानेच श्वास घेतो, तोंड उघडलं म्हणजे पाणी गळ्याशी आलंय), दर श्वासाला दोन्ही कुशी आत ओढल्या जाणं, मान वर करून धापा टाकणं, पायाचे तळवे फिके किंवा निळसर दिसणं. अशा वेळी छाती दाबेल असं धरू नका, तोंडात बळजबरीने पाणी किंवा खाणं घालू नका, भोकं असलेल्या खोक्यात ठेवा आणि निघा.

दोन्हीच्या मधलं, म्हणजे शिंकतोय पण खातोय, पळतोय, छाती साफ आहे, तर आधी प्रश्न ५ आणि ६ मधलं घरचं तपासा, रोज कानाला लावा आणि आठवड्यातून एकदा किचनच्या काट्यावर वजन घ्या. वजन उतरायला लागलं तर शिंक साधी नाही.

३. नाकातून आणि डोळ्यातून लाल येतंय, रक्त आहे का हो? घरचे रडायला लागलेत

रडू नका. ते बहुतेक वेळा पोर्फिरिन असतं, उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते तिच्यातून येणारा लालसर द्रव. उंदीर रोज तो पुसून टाकतो म्हणून आपल्याला दिसत नाही. आजारी पडला किंवा ताणात असला की जास्त येतो आणि पुसायचा कंटाळा करतो, मग नाकाभोवती वाळलेल्या कुंकवासारखं दिसतं. खात्री करायची तर नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना दुकानात, तो अंधारात धरा, पोर्फिरिन गुलाबी-लाल चमकतं, रक्त चमकत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने मला तो दिवा दिला तेव्हा नोट बघायला मागतोय असंच त्याला वाटलं होतं, मी खिशातून टिश्यू काढला.

कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसा. सकाळी उठल्यावर जरासं असेल तर चालतं, दिवसभर आणि रोज येत असेल तर ते आजाराचं लक्षण धरा.

४. कालच आणला आणि आल्यापासून सटासट शिंकतोय, दुकानदाराने आजारी दिला का?

दिला असेलही, पण घर बदललं की पहिले काही दिवस उंदीर शिंकतातच. नवीन वास, नवीन धूळ, प्रवासाचा ताण. खात असेल, डोळे चमकदार असतील आणि छाती साफ असेल (प्रश्न २) तर आठवडाभर शांत ठेवा, सारखं काढून सगळ्यांना दाखवू नका. शिंका दिवसेंदिवस कमी व्हायला पाहिजेत. वाढत असतील किंवा दोन आठवडे झाले तरी तेवढ्याच असतील तर दाखवा. आणि तोपर्यंत जुन्या उंदरांपासून लांब, ते कसं ते प्रश्न १२ मध्ये.

५. पिंजऱ्यात काय घालू? सॉ मिलचा भुसा फुकट मिळतो

फुकट मिळतो म्हणूनच निम्मे व्हिडिओ मला येतात. सॉ मिलच्या भुशात बारीक पूड असते ती सरळ नाकात जाते, आणि त्यात देवदार किंवा पाइन असेल (पॅकिंगची खोकी बहुतेक त्याचीच असतात) तर त्याला जो छान वास येतो ना तोच उंदराच्या श्वासनळीला आणि लिव्हरला वाईट. शेंगांची टरफलं आणि उसाचं चिपाड पण लोक घालतात आपल्याकडे, दोन्ही धूळकट आणि ओलं झालं की बुरशी धरतं, नको.

मी काय करतो, तळाला वर्तमानपत्राचे जाड थर, त्यावर जुनं पोलर ब्लँकेट कापून, आणि कोपऱ्यात फाडलेल्या टिश्यूचा ढीग, तो ते स्वतः ओढून घरटं करतात. जुनी सुती साडी घालायची असेल तर कडा शिवून घ्या, सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला तर बोट सुजून काळं पडतं. कागद रोज बदला, कापड दोनतीन दिवसांनी. पिंजऱ्यात तोंड घातल्यावर तुमच्या डोळ्याला मुताचा वास झोंबला तर तो उंदराच्या नाकाला चोवीस तास झोंबतोय, अमोनियाने छाती बिघडते ती अशी. म्हणून काचेची माशांची टाकी पण नको, हवाच खेळत नाही, जाळीचा पिंजरा घ्या.

६. घरातल्या कशाकशाने शिंका येतात?

मच्छरची कॉइल, धूप, उदबत्ती, फिनाईल, रूम फ्रेशनर, मिरचीची फोडणी, भिंतीचा ओला रंग. देवघर आणि पिंजरा एका खोलीत असेल तर दोन्हीपैकी एकाला हलवा, आमच्यात अर्थातच पिंजरा हलला. एकाचं घर मार्केट यार्डाच्या बाजूला, महिनाभर औषध चालू तरी शिंका थांबेनात. शेवटी कळलं की हळदीच्या सीझनला खालच्या गोडाऊनमध्ये पोती उतरली की सगळ्या बिल्डिंगवर पिवळी धूळ बसते आणि पिंजरा बरोबर त्या बाजूच्या खिडकीत. पिंजरा आतल्या खोलीत नेला आणि आठ दिवसांत फरक. कूलरचा झोत पण थेट पिंजऱ्यावर नको, त्याच्या जाळीतलं गवत कुजलेलं असेल तर अजिबातच नको.

७. सांगलीत उंदराला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?

आपली गंमत बघा, उत्तर कर्नाटकातून लोक उपचाराला मिरजेला येतात, आणि आपल्या चारशे ग्रॅमच्या उंदराला बघायला माणूस मिळत नाही. आपल्याकडचे जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांमध्येच बुडालेले असतात, त्यांचीही चूक नाही. मी पहिल्यांदा एका ठिकाणी गेलो तर तिथल्या माणसाने पिंजऱ्यात बघितलं आणि म्हणाला, पकडलाय ना, मग सोडा की नाल्यात, इकडं कशाला आणलाय. म्हणून आधी फोन करायचा आणि सरळ विचारायचं, ससे, गिनीपिग, उंदीर बघता का. कुत्र्या-मांजरांचा दवाखाना असेल तिथे शक्यता जास्त. नाहीतर कोल्हापूर, पुणे. सातारा जिल्ह्यात शिरवळला हायवेजवळ सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, पुण्याच्या वाटेवरच, तिथेही फोन करून विचारूनच निघा. हे सगळं उंदीर ठणठणीत असताना करून ठेवा, रात्री अकराला तो धापा टाकत असताना नंबर शोधायची वेळ येऊ देऊ नका.

जाताना त्याचं ग्रॅममध्ये वजन, अंदाजे वय आणि घरी काढलेला श्वासाचा व्हिडिओ घेऊन जा, कारण दवाखान्यात गेलं की हे बेणं एकदम शहाण्यासारखं बसतं आणि शिंकतच नाही. छातीच्या इन्फेक्शनला डॉक्टर बहुधा डॉक्सीसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन देतात, कधी दोन्ही, आणि कोर्स आठवड्यांचा असतो, तीन दिवसांचा नाही. बरं वाटलं म्हणून चौथ्या दिवशी बंद केलं की परत येतं आणि मग जास्त जोरात येतं. पिल्लू असेल तर त्याचं वय आवर्जून सांगा, एन्रोफ्लॉक्सासिन वाढत्या वयात सांध्यांच्या कुर्च्यांना बाधू शकतं, डॉक्टर त्याप्रमाणे ठरवतील.

औषध कडू असतं. मी पहिल्यांदा श्रीखंडात घालून दिलं, गड्याने बोट चाटून पुसून खाल्लं, मी खूश. नंतर कळलं की ही दोन्ही औषधं दूध-दह्याबरोबर नीट लागू पडत नाहीत, त्यातल्या कॅल्शियममुळे. आता कुस्करलेल्या केळ्यात देतो.

८. आपलं सर्दीचं सिरप, तुळशीचा काढा, विक्स, वाफ?

सिरप नाही. काढा नाही. विक्स तर पिंजऱ्याच्या आसपासही नाही, एवढ्याशा नाकाला तो वास म्हणजे मिरचीची धुरी. माणसाच्या गोळीचा तुकडा अंदाजाने मोडून देऊ नका, आणि उंदराला उलटी करता येत नाही, चुकीचं गेलं तर बाहेर काढायचा रस्ता नाही. गरम पाण्याच्या पातेल्याची वाफ पण नको, भाजायची भीती. घरात नेब्युलायझर असेल तर साध्या सलाइनची वाफ देता येते, पण किती वेळ आणि औषध घालायचं का ते डॉक्टर सांगतील तसं.

९. त्याची सर्दी आम्हाला लागेल का? घरात लहान मूल आहे

उंदराचा तो मायकोप्लाझ्मा माणसाला लागत नाही. चावल्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. चावा साबणाने भरपूर धुवा, डॉक्टरांना दाखवा, आणि पुढच्या दिवसांत ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी झाली तर उंदीर चावलाय हे स्वतःहून सांगा, रॅट बाइट फीव्हर नावाचा आजार असतो आणि सांगितल्याशिवाय कुणाच्या डोक्यात येत नाही. लहान मुलांनी हात धुतल्याशिवाय खायचं नाही आणि उंदराचा मुका घ्यायचा नाही. मोठ्यांनीही.

१०. एकच आहे आणि तो आमच्यात मस्त रमलाय, दुसरा आणायलाच पाहिजे का?

हो. तुम्ही दिवसाचे दोन तास देता, बाकीचे बावीस तास तो एकटा असतो. उंदीर कळपात राहणारा, एकमेकांची मान चाटणं, एकमेकांवर ढीग करून झोपणं हे माणसाला जमत नाही. शक्यतो पहिल्यांदाच एका वयाचे दोन आणा, म्हणजे प्रश्न १२ पासून पुढचं बरंचसं वाचायचीच गरज नाही.

घरच्यांना समजावणं तुमचं तुम्ही बघा. मी आमच्या आजीला म्हटलं गणपतीचं वाहन आहे, तर ती म्हणाली वाहन आहे ना, मग बाहेर लाव.

११. दुकानात "जोडी"च मिळते म्हणाले, नर-मादी एकत्र चालतील?

नाही नाही नाही. मादी दर चारपाच दिवसांनी माजावर येते, २१ ते २३ दिवसांत व्यायते आणि एका वेळी दहाबारा पिल्लं सहज. पिल्लं पाच आठवड्यांची झाली की भाऊ-बहीण सुद्धा वेगळे करावे लागतात. ओळखणं सोपं, त्या वयाला नराच्या शेपटीखाली गोट्या स्पष्ट दिसतात, पण घाबरला किंवा थंडी वाजली तर वर ओढून घेतो म्हणून दोनदा बघा. नर-नर किंवा मादी-मादी ठेवा. नराचं ऑपरेशन करून मादीबरोबर ठेवता येतं, पण ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, तेवढे दिवस वेगळं.

१२. नवीन आल्यावर किती दिवस लांब ठेवायचा? आमचं घर दोन खोल्यांचं आहे

दोन ते तीन आठवडे, आणि मी तीनच म्हणेन. छातीचे काही व्हायरस हवेतून पसरतात, एकाच खोलीत दोन कोपऱ्यांत पिंजरे ठेवून लांब ठेवला म्हणायला अर्थ नाही. उत्तम म्हणजे दुसऱ्याचं घर. ढब्बूला मी तीन आठवडे मिरजेला मित्राकडे ठेवला होता, रोज संध्याकाळी भेटायला जायचो, मित्राच्या बायकोने पहिल्या दिवशी दार उघडून नुसतं "आत आहे" म्हटलं आणि तिसऱ्या आठवड्यात तीच त्याला शेंगदाणे भरवत होती. ते जमत नसेल तर दुसरी खोली, दार बंद, आधी जुन्यांचं खाणं-साफसफाई करायची आणि मग नव्याचं, नंतर हात धुवून शर्ट बदलायचा. भांडी, बाटली, कापड वेगळं.

या तीन आठवड्यांचा अजून एक फायदा कुणी सांगत नाही. मादी आणली असेल आणि दुकानातून पोटुशी आली असेल तर तेवढ्यात कळतं, वरचे २१ ते २३ दिवस आठवा.

तीन आठवड्यांत नवा शिंकतोय किंवा जुन्यांपैकी कोण शिंकतोय तर ओळख पुढे ढकला. लोक इथेच घाई करतात. ओळख म्हणजे ताण आणि ताण म्हणजे छाती, आजारी असताना ओळख केली की दोन्ही गोष्टी बिघडतात आणि कशामुळे काय झालं तेही कळत नाही. याला एकच अपवाद, प्रश्न १९.

१३. ओळख नक्की कशी करून द्यायची? स्टेप बाय स्टेप सांगा

स्टेप बाय स्टेप असं सगळ्यांना एकच लागू होत नाही, मी काय करतो ते सांगतो.

आधी दोन्ही पिंजरे शेजारी, पण मध्ये वीतभर अंतर, कारण चिकटवून ठेवले की जाळीतून आलेली बोटं चावतात. चारपाच दिवस कापडाची अदलाबदल, याचं त्याच्याकडे, त्याचं याच्याकडे. जुना त्या कापडावर मुतला, ओढून घरट्यात नेलं, दोन्ही चालेल. अंगाला अत्तर किंवा व्हॅनिला इसेन्स लावून सगळ्यांचा वास सारखा करा असं लोक सांगतात, मला पटत नाही, एक तर शिंका वाढतात आणि उंदीर तेवढ्याने फसत पण नाही.

मग भेट, जिथे जुना कधी गेलेला नाही अशा जागी. आमच्याकडे बाथरूम, पूर्ण कोरडी केलेली, आदल्या दिवशीपासून फिनाईल नाही, जाळीवर वीट ठेवलेली. मी एक जाड टॉवेल हातात घेऊन खाली बसतो. भांडणात मोकळा हात घालायचा नाही, टॉवेल टाकायचा.

ढब्बूची पहिली भेट अशी झाली. भडंग आत आला, त्याला वास आला आणि तो जागच्या जागी बाटली धुवायच्या ब्रशासारखा फुगला. मग खेकड्यासारखा तिरका तिरका चालत ढब्बूच्या अंगाला अंग घासत त्याला कोपऱ्यात नेलं. ढब्बू ताठ. एक धक्का, ढब्बू उताणा, चारही पाय वर, आणि भडंगने त्याच्या कानामागची जागा इतकी जोरात चाटून काढली की ते पोरगं कर्कश्श ओरडायला लागलं. माझा हात टॉवेलवर. दहा सेकंद. भडंग बाजूला झाला, अंग झाडलं, केस खाली बसले. आणि या सगळ्यात गुळ्या काय करत होता, तर माझ्या हातातल्या टॉवेलचं टोक धरून मागे ओढत होता.

पहिल्या दिवशी पंधरावीस मिनिटं, बरं चाललेलं असतानाच थांबवायचं. रोज थोडं वाढवायचं. सगळ्यांनी मिळून एका ताटलीत काहीतरी चाटायला लागणारं, कुस्करलेलं केळं वगैरे खाल्लं आणि कोणीतरी कुणाच्या शेजारी डोळे मिटले की मग पिंजरा. तो आधी पूर्ण धुवायचा, आतली सगळी मांडणी बदलायची, पाण्याच्या बाटल्या दोन, खाण्याची भांडी दोन, आणि लपायच्या घराला दोन दारं पाहिजेत म्हणजे कोणी आत अडकत नाही. पहिली रात्र सुट्टीच्या आदल्या दिवशी काढा, झोप होणार नाही.

दुसरी पद्धत छोट्या खोक्याची. सगळ्यांना एकदम लहान, हवेशीर डब्यात एकत्र ठेवायचं आणि ते निवांत झाले की टप्प्याटप्प्याने जागा वाढवायची. जागाच नसल्यामुळे कुणाचं राज्य नसतं. ही काहींना फार लागू पडते, पण आधीच छाती खराब असलेल्याला कोंदट डब्यात घालू नका.

१४. किंचाळतात, पाठलाग करतात, उताणा पाडतात, सोडवू का?

नका सोडवू. किंचाळणं म्हणजे बहुतेक वेळा खालचा "बस की आता" म्हणतोय. दोन पायांवर उभं राहून बॉक्सिंग, बूड हुंगणं, उताणा पाडणं, बळजबरीने चाटणं, एकमेकांवर चढणं, हे त्यांचं कोण मोठा ते ठरवणं चाललंय. अर्धवट सोडवलं तर ठरत नाही आणि उद्या पहिल्यापासून.

केस फुगवून तिरकं चालणं, नाकातून फुसफुस आणि शेपूट सापासारखी वळवळणं एकत्र दिसलं तर टॉवेल हातात घ्या. आणि दोघांचा एक चेंडू होऊन गडगडायला लागला, म्हणजे कोण कुठला तेच दिसत नाही आणि आवाजही येत नाही, तर लगेच टॉवेल टाका. उंदीर गप्प बसून भांडायला लागले की ते खरं भांडण.

१५. चावलाय, रक्त आलं. आता कधीच जमणार नाही का?

तसं नाही. बारीक ओरखडा असेल तर सलाइनने धुवा, वेगळे करा, दोनतीन दिवसांनी परत पहिल्या पायरीवरून. खोल चावा असेल, कातडी उघडली असेल तर डॉक्टर, आणि चाव्याची जागा आठवडाभर दाबून बघत राहा, वरून भरून येतं आणि आत पू धरतो. दोनदा-तीनदा खोल चावे झाले तर प्रश्न १६.

१६. आठ महिन्यांचा नर आहे, कुणालाच घेत नाही. आता माझ्यावरही फुगतो

पाच-सहा महिन्यांपासून वर्षभराच्या आसपास काही नरांच्या अंगात हार्मोन असे चढतात की जुन्या भावालाही ठेवत नाहीत. भिंतीला बाजू घासणं, सारखं फुगलेलं असणं, सगळीकडे मुताची रेघ. काही आपोआप निवळतात. नाही निवळला तर नसबंदी हा उपाय चांगला आहे, पण उंदराला भूल द्यायचा अनुभव असलेलाच डॉक्टर पाहिजे, आणि छाती साफ नसेल तर भूल धोक्याची. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, दुसऱ्या दिवशी परत ओळख करू नका. तोपर्यंत शेजारी-शेजारी पिंजऱ्यात राहू दे, अंतर ठेवून.

१७. नवीन पिल्लू अगदीच चिमुकलं आहे, मोठ्यांत सोडू?

आठ आठवड्यांच्या आत नको. पिंजऱ्याच्या जाळीतून पिल्लू सहज निसटतं हा एक प्रश्न, आणि मोठ्या नराने एकदा दाबलं तर संपलं हा दुसरा. एका ऐवजी दोन पिल्लं आणली तर दोघं एकमेकांशी दंगा करतात आणि म्हाताऱ्याला जरा शांतता मिळते.

१८. ओळख मस्त झाली, पण आता जुनाच शिंकायला लागलाय. नव्याने दिलं का?

तीन आठवडे नीट लांब ठेवला असेल तर नव्याने काही आणलं असण्यापेक्षा ताणामुळे जुन्याचाच मायकोप्लाझ्मा उठलाय ही शक्यता जास्त. छाती ऐका. साफ असेल आणि एकत्र झोपत असतील तर वेगळे करू नका, आता वेगळं करणं हाच नवा ताण, आणि परत ओळख करावी लागेल ती वेगळीच. उंदीर तीन झाले की मूत पण तिघांचं होतं, लोक सफाई मात्र दोघांचीच ठेवतात, ते आधी बघा. गळ्याखाली सूज, डोळे बारीक आणि सगळेच एकदम शिंकतायत असं असेल तर तो व्हायरस असू शकतो, सगळ्यांना दाखवा आणि काही आठवडे नवीन उंदीर घरात आणू नका, तुमचे बाहेर नेऊ नका.

१९. माझ्या म्हाताऱ्याला कायमची घरघर आहे आणि त्याचा जोडीदार गेला. आजारी असताना ओळख नको म्हणता, मग तो एकटाच राहू दे का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आणि मला याचं एकच बरोबर उत्तर माहिती आहे असं मी म्हणणार नाही. उंदराचं आयुष्य दोन-अडीच वर्षं, फार तर तीन. जुनाट घरघर असलेला औषधावर खातोपितो, अंग चाटतो, वजन टिकून आहे, तर त्याची छाती कधीच साफ होणार नाही म्हणून थांबणं म्हणजे त्याला मरेपर्यंत एकटं ठेवणं. अशाला मी जोडीदार देतो, पण शांत, मध्यम वयाचा, कुणीतरी घर बदलताना द्यायला काढलेला. पिल्लू नाही, पिल्लू त्याच्या डोक्यावर नाचतं. छोट्या खोक्याची पद्धत नाही. दहादहा मिनिटांच्या भेटी आणि प्रत्येक भेटीनंतर कानाला लावून ऐकायचं. नव्याला लांब ठेवायचे तीन आठवडे इथे जास्तच कडक पाळायचे.

कुशी ओढत असेल, खाणं सुटलं असेल, तर नाही. मग त्याचे दिवस तुमच्या मांडीवर जाऊ देत, शर्टाच्या आत, जास्तीत जास्त वेळ.

२०. पुराच्या वेळी जिन्यात उंदराचं पिल्लू सापडलं, वाढवून माझ्या उंदरात सोडू?

२०१९ च्या पुरानंतर हा प्रश्न घरोघरी होता आणि दर पावसाळ्यात येतोच. नका सोडू. बाहेरच्या उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, पुराच्या चिखलात तर विशेष, आणि तो माणसालाही होतो. नुसत्या हाताने उचलू नका. बाहेरचे उंदीर घरात शिरत असतील तर पिंजऱ्याजवळ विषाची वडी ठेवू नका, बाहेरचा उंदीर ती उचलून तुमच्याच्या पिंजऱ्याशी आणून टाकू शकतो. जमिनीवरचा पिंजरा टेबलावर घ्या, खाण्याचे डबे घट्ट झाकणाचे.

२१. मे महिन्यात ओळख करू का?

पारा चाळीसला टेकलेला असताना नको. उंदराला घाम येत नाही, तिशीच्या वर त्याला जड जायला लागतं, त्यात पळापळ. थांबताच येत नसेल तर पहाटे, फरशीवर, आणि बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला.

२२. महिना झाला, भांडत नाहीत, पण नवा वेगळाच झोपतो. जमलं नाही का?

जमलंय. एकमेकांच्या ताटलीत खातात, वाटेत आडवे आले तर फुगत नाहीत, एवढं पुरे. काहींना वेळ लागतो. ढब्बू पहिले दोन महिने खालच्या मजल्यावर चपलेच्या खोक्यात झोपायचा आणि वरच्या झोळीत भडंग-गुळ्या. डिसेंबरात एक रात्र चांगली थंडी पडली, सकाळी बघतो तर झोळी जमिनीला टेकलेली, आतून तीन शेपट्या लोंबतायत आणि चपलेच्या खोक्यात कुणीतरी सगळ्यांचे शेंगदाणे नेऊन साठवलेले.